उत्तर कोणी दिलं?

“उत्तर कोणी दिलं?” मॅडमनी शेवटच्या बाकावरून विचारलं.

“मी.”

“आणि प्रश्न?”

“तोही मीच.”

“मग आम्ही कशाला बसलोय? घरी आरशासमोर शिकव की!”

वर्ग खो खो हसला. वर्ग म्हणजे आम्हीच, रसायनशास्त्रात पीएचडी करणारी मंडळी. पुढे कॉलेजात नोकरी लागली तर पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे उभं कसं राहायचं, हे मॅडम दर शनिवारी दुपारी आम्हाला शिकवत. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं आणि बढतीच्या वेळी ते कुणी जमेस धरतही नव्हतं. त्यांच्यानंतर नोकरीला लागलेले लोक विभागप्रमुख होऊन गेले. मॅडम मात्र आमचे कान उपटत राहिल्या. माझे गाइड सर तर उघड म्हणत, “शिकवायचं काय शिकायचंय? विषय आला की शिकवता येतं.” सरांच्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघत बसायची, पण हे त्यांना सांगणार कोण?

माझी खोड संशोधनातच लागलेली. सेमिनारमध्ये तुम्ही क्षणभर थांबलात की समोरच्यांना वाटतं, हिला येत नाही, आणि ते तुटून पडतात. त्यामुळे शांतता दिसली की ती भरून टाकायची, ही सवय हाडीमाशी खिळते. वर्गातही मी तेच करायची. प्रश्न विचारायचा आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळं व्हायचं. मुलाखतीत वर्गावर शिकवून दाखवावं लागतं, आणि एकामागून एक मुलाखती ह्याच पायी हातच्या गेल्या होत्या. सगळीकडे शेरा एकच, विषयाचं ज्ञान उत्तम, वर्ग झोपलेला.

मॅडमचा त्यावर एक इलाज होता. “प्रश्न विचारलास की खडू टेबलावर ठेव. हात झटक. समोरून कुणी बोलेपर्यंत खडूला हात लावायचा नाही. घाम फुटला तरी नाही.”

मला घाम फुटायचाच.

पुढची मुलाखत शनिवारी सकाळी होती. आदल्या दिवशी जेवताना नवऱ्याने हळूच विचारलं, “ह्या वेळी नाही झालं तर?”

“तर रंगाच्या कारखान्यात जाईन. बोलावलंय त्यांनी. डबे तपासायचे, कुणाशी बोलायचं नाही.”

“तू आणि बोलायचं नाही?” सासूबाई म्हणाल्या. “बंद पडेल तो कारखाना.” मग माझ्या पानात वाढता वाढता थांबल्या. “नको गं जाऊस तिकडे. शनिवारी त्या वर्गातून येतेस ना, तेव्हा कशी खुललेली असतेस.”

मला शिकवायचंच होतं, दुसरं काही नको होतं, आणि तेच माझ्या हातून होत नव्हतं.

मुलाखतीच्या जागी पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग आणून बसवला होता. समितीची ज्येष्ठ मंडळी बाजूच्या खुर्च्यांवर. अध्यक्षांनी विषय दिला, पाण्याचं उकळणं. मी सरळ विचारलं, “पाणी उकळताना मोठाले बुडबुडे येतात. त्यांच्या आत काय असतं?”

खडू ठेवला. हात झटकले.

कुणी बोलेना. एक मुलगी पेनाचं टोपण चावत होती. पंखा करकरत होता. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं. समितीतले एक सर खाकरले. “मॅडम, पुढे चला. मुलांना येत नाहीये.”

“येईल, सर,” मी म्हणाले. “विचार करतायत ते.”

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मागून एक मुलगा पुटपुटला, “हवा असेल.” दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हवा’.

“बरं. पाणी उकळतच ठेवलं तर बुडबुडे कधी थांबतात?”

“सगळं आटल्यावर,” कुणीतरी म्हणालं.

“मग तोवर येत राहणारी एवढी हवा त्या पातेल्यात मावते कुठे?”

आणि वर्ग पेटला. मुलं माझ्याकडे बघायची सोडून एकमेकांशी भांडायला लागली. टोपण चावणारी मुलगी उभी राहिली. “मॅडम, मग ते पाणीच असणार! तळाशी वाफ झालेलं!” मी फळ्यावर ‘वाफ’ लिहिलं.

तेवढ्यात अध्यक्षच खुर्चीत पुढे सरकले. “पण उकळायच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, ते कसले?”

उत्तर मला येत होतं. मी खडू पुन्हा ठेवला आणि वर्गाकडे बघितलं.

ह्या वेळी फार थांबावं लागलं नाही. मागचा तोच मुलगा ताडकन उठला. “ती हवा! पाण्यात विरघळलेली! माझी हवा, मॅडम!”

वर्गाने बाकं बडवली. घंटा झाली तरी कुणी उठेना. नेमणूक समितीने मला तिथेच सांगितली, आणि जिना उतरताना मी लहान मुलीसारखी शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून उतरले.

तिथून तडक मॅडमच्या वर्गावर गेले. एक नवा संशोधक फळ्याशी उभा होता. मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आतच त्यांना कळलं. तो बिचारा शिकवायचा थांबला.

“थांबलास का?” मॅडम त्याला म्हणाल्या. “ह्या बाई आता कॉलेजात शिकवतात. ह्यांना रसायनशास्त्रातलं काही म्हणजे काही येत नाही असं समज आणि पहिल्यापासून सांग.”

त्याने फळा पुसायला घेतला. मॅडमचे डोळे भरून आले होते, पण त्या समोरच बघत राहिल्या. मग त्यांनी आपली पिशवी खाली ठेवली, बाकावर थोड्या सरकल्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.