तळ्याचा तळ

लेकीने बाबांची खुर्ची संगणकाच्या पडद्याच्या अगदी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "आता बघा हं, बाबा."

बघण्याचीच तर घाई होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, जेमतेम दोन महिने, मग नजर गेली ती गेलीच. पाणीखात्याच्या नोकरीत बाबांनी तीस वर्षं होडीतून शिसं बांधलेला गाठींचा दोर सोडून तळ्याची खोली मोजली, पण तळ काही त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो दाखवायचाच, म्हणून लेकीने रजा काढली आणि त्यांच्या वह्यांतले सगळे आकडे 'आर' नावाच्या संगणकभाषेत भरले. एकेका वर्षाचा तळ काढायचा, कोन जरासा वळवायचा, चित्र साठवायचं. अशी शेकडो चित्रं एकामागून एक पळवली की तळं फिरतं आणि वर्षं सरकतात.

चित्र हललं. बाबांनी पडद्याला नाक लावलं आणि खो खो हसत सुटले.

"अगं, हा तर डोंगर! मी काय शिडी लावून मोजत होतो?"

संख्याशास्त्राची एवढी मोठी पंडित, आणि खोलीला उणे चिन्ह द्यायला विसरली! जीभ चावत तिने ते दिलं. डोंगर उलटा होऊन त्याचं तळं झालं.

आता पुलाखालची घळ, गाळाने दरवर्षी वर येणारा काठ, सगळ्यावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"असंच वाटायचं मला," ते म्हणाले. "अगदी असंच."

अकराव्या वर्षी मात्र मधोमध विहिरीसारखा खड्डा पडला. बाराव्या वर्षी तो गायब!

"हा आकडा चुकलाय. काढून टाकते."

"चुकलाय, ते मला तेव्हाच कळलं होतं."

लेक बघतच राहिली. वीतभर फरकासाठी भर उन्हात होडी मागे वळवणारा हा माणूस!

"त्या दिवशी मदतनीस आला नव्हता," बाबा म्हणाले. "तुझी आई आली होती होडीत. तू पोटात होतीस. दोराच्या गाठी तिने मोजल्या, हसत हसत. मग चुकणारच की! पुन्हा मोज म्हणायला माझी जीभच रेटेना."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेकीने कळफलकावरचा हात काढून घेतला.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले. "आणि ते वर्ष आलं की जरा थांबव."