पेगीचं लपण

नॉर्मन बॅडलीने काचपेटीतला प्लास्टिकचा डबा उचलून उलटा केला आणि त्याला कापून केलेल्या दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर लगेच लाल रेघ उमटली.

"हे कुणी कापलं?"

"मीच," हेदर म्हणाली. "त्या दिवशी घाई होती, बाबा."

तो दिवस अकरा आठवड्यांपूर्वीचा. अठरा वर्षांचा संसार आवरून त्याची मुलगी इंग्लंडातल्या लाँग्टनला माहेरी परतली, तेव्हा तिच्याजवळ कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि ही काचपेटी. पेटीत पेगी. चार फूट लांब, मनगटाएवढी जाड, गडद तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे ठिपके असलेली अजगराची मादी. हेदरच्या आईने, ग्लेनिसने, दोघींना वरची मागची खोली दिली आणि त्या खोलीत झाडू मारायचं सोडून दिलं. आल्यापासून पेगीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. हेदर गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्याने तिच्यापुढे धरी. पेगी तोंड फिरवून पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसे. जनावरांच्या डॉक्टरने तिला तपासलं होतं. आजार काही नव्हता.

पेगीला लपायला म्हणून केलेला तो डबा नॉर्मनने उजेडात नेला. वर शोभेसाठी चिकटवलेल्या खड्यांपैकी दोन सुटून खाली पडले होते आणि त्यांच्या जागी गोंदाचे टणक थेंब राहिले होते. दारापाशी चिकटपट्टी लावली होती.

"चिकटपट्टी नको होती लावायला," हेदर स्वतःच म्हणाली. "अंगाला चिकटली तर खवले सोलून निघतात. मी नंतर वाचलं."

डबा घेऊन नॉर्मन खाली गेला आणि सरळ कचऱ्यात टाकून आला.

चिनी मातीच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं त्याने साचे बनवले होते. किटलीची चोच असो की बशीची कड, त्याच्या साच्यातून निघालेल्या वस्तूला बोट लावून खोट काढणारा माणूस गावात नव्हता, असं तो म्हणे आणि इतर ते खोडून काढत नसत. कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्याची छोटी विजेची भट्टी होती आणि भट्टीवर रंगाचे रिकामे डबे रचलेले होते. त्याने ते त्याच दुपारी हलवले.

"सापाला घर करतोय," त्याने ग्लेनिसला सांगितलं.

"कर," ती तव्यावरचा ओटकेक, ओटच्या पिठाचं धिरडं, उलटत म्हणाली. "फक्त माझ्या टेबलावर नको."

मातीवर चढवायच्या चकचकीत लेपाचा, झिलईचा, विषय निघाला तेव्हा हेदर शेडच्या दारात उभी राहून चाचरत म्हणाली, की जुन्या झिलईत शिसं असतं म्हणे. नॉर्मनने हात थांबवले. त्याच्या आजीने बारा वर्षं भांडी झिलईत बुडवायचं काम केलं होतं आणि शेवटी तिचे दोन्ही पंजे मनगटातून लोंबत राहिले, चमचासुद्धा उचलेना. शिसं काय असतं ते या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, झिलई बिनशिशाची, आणि तीही फक्त आतून, म्हणजे धुवायला बरं. बाहेरून माती तशीच.

नऊ दिवसांनी त्याने जे वर आणलं ते पाहून हेदरने तोंडावर हात धरला. जुन्या कारखान्यांच्या बाटलीसारख्या फुगीर भट्ट्या असत, तशी हातभर उंच भट्टी होती ती. एकेक वीट कोरलेली, दाराला कमान, वर निमुळतं धुराडं. पेगीने तिच्याभोवती एक फेरी मारली, जीभ आत घालून पाहिली आणि ती पाण्याच्या भांड्यामागे परतली. तीन दिवस तिने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

"सुरेख झालंय, बाबा," हेदर म्हणाली. "पण हा राजवाडा आहे. तिला बीळ हवंय. चारी बाजूंनी अंगाला भिंत टेकली पाहिजे, डोक्यावर छत टेकलं पाहिजे. जागा उरली की तिला भीती वाटते."

नॉर्मनने आपल्या कमानीवरून एकदा बोट फिरवलं. मग बाह्या वर सारून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. माप न घेता काम केलं, चूक माझी."

त्याने आजवर सापाला हात लावला नव्हता. पेगी ओली असेल असं त्याला वाटलं होतं. ती कोरडी, गार आणि जड निघाली, एका हातातून दुसऱ्या हातात सरकली आणि त्याच्या फ्लॅनेलच्या शर्टाशी वेटोळं करून बसली. हेदरने वेटोळ्याची रुंदी आणि उंची मोजली. सगळ्यात जाड भाग मोजला आणि जेवल्यावर पोट किती फुगतं ते सांगितलं. नॉर्मन आकडे पुटपुटत होता. माती भाजली की दहाव्या हिश्शाने आकसते, म्हणून प्रत्येक माप त्या हिशेबाने वाढवायला हवं. मापं संपली तरी तो पेगीला घेऊन तसाच बसून होता.

दुसरं लपण पालथ्या पसरट वाडग्यासारखं झालं. त्यावर नक्षी नव्हती. कडा ओल्या स्पंजाने इतक्या गोल केल्या होत्या की बोट कुठे अडत नव्हतं. हेदरने कोरीव भट्टी बाहेर काढली आणि लाकडाच्या सालींचा थर बाजूला सारून ते थेट काचेच्या तळावर टेकवलं, कारण पेगीने खालून उकरलं तर एवढं वजन तिच्यावर कलंडायला नको. मग ती दोघं खोलीबाहेर गेली. परत आली तेव्हा भांड्यामागे कुणी नव्हतं. दारातून फक्त नाकाचं टोक दिसत होतं.

पाचव्या दिवशी पेगीने उंदीर घेतला. हेदर जिन्यातून ओरडली नाही, चालत खाली आली आणि म्हणाली, "खाल्लं." ग्लेनिसने काही न विचारता चहा टाकला.

नॉर्मन लगेच तसंच आणखी एक लपण करायला लागला. पेटीची एक बाजू उबदार असते आणि एक गार. दोन्हीकडे आसरा हवा, नाहीतर उबेसाठी भीती सोसावी लागते, हे आता त्याला पाठ झालं होतं. हेदर शेडमध्ये येऊन स्टुलावर बसली.

"बाबा, हे नका करू."

त्याने स्पंज पिळला.

"मला हॅन्लीला फ्लॅट मिळालाय. एक तारखेपासून. तिथं जनावर चालत नाही. डर्बीची एक बाई पेगीला घेणार आहे, पुढच्या शनिवारी येतेय."

"कधी ठरलं?"

"तुम्ही ती भट्टी कोरत होतात तेव्हा." तिने नजर खाली ठेवली. "न खाणारा साप ती घेणार नव्हती. म्हणून तुम्हाला थांबवलं नाही."

नॉर्मनने कड तपासली, एका जागी पुन्हा स्पंज फिरवला आणि लपण वाळायला ठेवलं. "बरं," तो म्हणाला.

शनिवारी डर्बीची बाई आली. मिसेस ऑलरेनशॉ, साठीच्या, हातात सापासाठी कापडी पिशवी. नॉर्मन त्यांना स्वतःच वर घेऊन गेला. पेटीत दोन्ही टोकांना दोन लपणं होती आणि पेगी गार बाजूच्या, नव्या लपणात होती. बाईंनी रिकामं लपण उचललं, आतून बोट फिरवलं आणि हे कुठे मिळतं असं विचारलं.

"मिळत नाही. मी करतो," नॉर्मन म्हणाला. "तुमचे किती साप आहेत?"

"सात."

"मग सातांची मापं पाठवा. वेटोळ्यात बसलेले असताना घ्यायची. मात्र ही पेगी कुठं जायची नाही."

बाईंनी हेदरकडे पाहिलं. हेदर बापाकडे पाहत होती. मग बाईंनी पिशवीची घडी घातली आणि चहाला साखर नको म्हणून सांगितलं.

त्या गेल्यावर हेदर शेडच्या दारात येऊन उभी राहिली. नॉर्मन नव्या लपणांच्या साच्यांसाठी प्लास्टर कालवत होता.

"उंदीर मात्र मी देणार नाही," तो पाठमोराच म्हणाला. "एक रविवार सोडून एक, तू यायचंस."

"बाबा, त्यात काही नाही. चिमट्यात धरायचा, जरा हलवायचा."

"मला नाही जमायचं," नॉर्मन म्हणाला आणि बोटाने हलकेच चाचपून प्लास्टरमधला एकमेव खडा त्याने बाहेर काढला.