महिपती भाऊंचा लाल ठिपका

"भाऊ, हवा सोडून तुम्ही लावलेलं टायर ढकलून बघू का, निघतंय का ते?"

विचारलं! एका दमात, एकही शब्द न गिळता. माझ्या मैत्रिणीनं, अपेक्षानं, पैज लावली होती की मी 'भाऊ'पर्यंत पोचेन आणि मग पाणी प्यायच्या बहाण्यानं परत येईन. गेल्या वर्षीची मी असते तर आलेच असते. गेल्या वर्षी मी वर्गात हजेरी द्यायचे ती फक्त शेजारच्या बाकाला ऐकू जायची. पण या जूनमध्ये मी दुधिवरे खिंड एकदाही पाय न टेकता चढले, आणि तेव्हापासून 'आमच्या कौमुदीच्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही' असं आई म्हणते.

दुकानातले सगळे हात थांबले. बाहेर कामशेतच्या बाजारात टेम्पो मागे घेताना वाजणारी ती टुकार ट्यून तेवढी चालू होती.

"काय म्हनलीस?" महिपती भाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. हळू ठेवला, त्याचीच भीती वाटली.

"टायर. ढकलून बघू का?"

"लाल ठिपका दिसत न्हाई का तुला?"

दिसत होता ना. तोच तर प्रश्न होता.

महिपती भाऊ म्हणजे आमच्या सायकल क्लबचे कोच, मेकॅनिक आणि देव. राहणार वडिवळे, दुकान कामशेत. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या, त्याचे फोटो दुकानाच्या भिंतीवर आहेत. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतची आम्ही तेरा मुलं-मुली त्यांच्याकडे शिकतो. सायकली आमच्या, पण शर्यतीची हलकी चाकं क्लबची. पुण्यातल्या जुन्या रेसर लोकांनी वापरून दिलेली. त्या चाकांना साधं टायर बसत नाही. ट्यूब आत घालून शिवून टाकलेलं, गोल नळीसारखं टायर लागतं आणि ते रिमवर गमानं चिकटवावं लागतं. त्याला धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं. गम म्हणजे सगळं. रिमवर एक पातळ थर, तो एक दिवस वाळवायचा. मग दुसरा थर, आणखी एक दिवस. मग तिसरा, आणि तो चिकट असतानाच टायर चढवायचं आणि परत एक दिवस थांबायचं. हे भाऊ स्वतः करतात, आम्हाला कुणाला करू देत नाहीत. झालं की हवा भरायच्या नळीशेजारी ऑइलपेंटचा लाल ठिपका देतात. ठिपका पडला की विषय संपला. त्या चाकाला कुणी बोट लावायचं नाही. लावलं, तर ते भाऊंच्या तोंडावर त्यांना खोटं म्हटल्यासारखं.

रविवारी जिल्ह्याची शर्यत होती. आमच्या गटात क्लबकडून दोनच मुली. एक कोमल, एक मी. माझ्या आयुष्यातली पहिली खरी शर्यत! रात्री डोळे मिटले की मला माझा नंबर पाठीवर लावलेला दिसायचा.

पण तीन आठवड्यांपूर्वी सरावात बेडसे फाट्याच्या वळणावर कोमल पडली. कोमल बेडश्याचीच. ते वळण ती पाचवीपासून घेतेय, शाळेचं दप्तर पाठीला लावून. गळ्याजवळचं हाड मोडलं. भाऊ म्हणाले, "पंक्चर झालं आन् वळण चुकली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिच्या मागेच होते, सगळ्यात आधी पोचले. मागचं टायर रिमवरून पूर्ण निघून गियरांपाशी गुंडाळलं गेलं होतं. आणि मला एवढं माहीत होतं की नीट चिकटलेलं टायर पंक्चर झालं तरी रिम सोडत नाही. खरं तर म्हणूनच लोक हा सगळा खटाटोप करतात.

तेव्हा मी काही बोलले नाही. अपेक्षाजवळ बोलले, फक्त. ती म्हणाली, मग विचार की भाऊंना. हिंमत आहे का?

तर ही आमची हिंमत.

"ए, तू डोक्यावर पडलीस का?" हा श्रीयश. क्लबचा हिरो, बारावीत आहे, सतत केस मागे सारतो. "परवा रेस आहे आणि तू भाऊंना चेक करणार?"

"भाऊंना नाही, टायरला."

"लोनावळ्याच्या पोरी," भाऊ उठले, "चार व्हिडिओ बगायचे आन् आमाला शिकवायचं. तुझा बाप चड्डीत हुता तवापास्नं मी गम लावतोय. ढकल! ढकल तू. पन न्हाई निगालं तर सायकल हितं ठेवायची, आन् लोनावळ्याला चालत जायचं. आन् रविवारी यायचं न्हाई."

"आणि निघालं तर?"

हे मी का विचारलं मला माहीत नाही. तोंडाला झाकण नाही म्हणतात ते हेच.

"निगनार न्हाई," भाऊ म्हणाले.

मी पुढच्या चाकाची हवा सोडली. सूंऽऽ करून ती गेली आणि माझीही थोडी गेली. दोन्ही अंगठे टायरच्या बाजूला लावून जोर काढला. हललं नाही. चाक फिरवून दुसरीकडे लावले. नखं पांढरी झाली. टायर जसं काही रिमचाच तुकडा. कुणीतरी फिसकन हसलं. श्रीयश मोबाइलवर शूटिंग करत होता.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाले. "निग आता."

"मागचं राहिलं."

"मागचं कशाला?"

"कोमलचं मागचंच निघालं होतं."

भाऊंचं तोंड असं झालं की मी चाक दोन्ही पायांत घट्ट धरलं, त्यांनी ओढून घेऊ नये म्हणून. हवा सोडली. नळीपाशी ढकललं, घट्ट. थोडं पुढे, घट्ट. मग बरोबर नळीच्या समोरच्या बाजूला अंगठे लावले आणि टायर उचकटलं. आवाजसुद्धा झाला नाही. वीतभर तुकडा वर आला, जुन्या पाकिटाची चिकटपट्टी सुटावी तसा. मी आणखी ढकललं. आणखी आलं.

कुणी हसलं नाही. मोबाइल खाली गेला.

रिमवर गमाचा थर होता आणि टायरच्या पट्टीवरही होता, पण दोघांच्या मधे काळी साय धरली होती. मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं. नाकाला लावलं आणि मला एकदम भूक लागली. देवाशपथ! भाकरीचा वास येत होता.

मग सगळं लक्षात आलं. ऑगस्टमध्ये मी अपेक्षाच्या बाबांबरोबर वडिवळ्याला भाऊंच्या घरी हेल्मेट आणायला गेले होते. बाहेर भातखाचरांत पाणी तुडुंब, भिंती ओल्या, आणि मुक्तामावशी, म्हणजे भाऊंच्या बायको, चुलीवर भाकऱ्या टाकत होत्या. त्यांच्या डोक्यावर दोरीला सुक्या बोंबलांशेजारी चार चाकं लटकत होती. मला इतकं हसू आलं होतं की मी फोटो काढला होता. दरवर्षी ही शर्यत डिसेंबरात असते, गम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत लागतो. यंदा ती सप्टेंबरात आली. आमच्याकडच्या पावसाळ्यात रुमाल चार दिवस वाळत नाही, गम कुठला वाळणार! म्हणून भाऊंनी चाकं चुलीवर टांगली. पहिला थर वाळला, पण त्यावर दिवसभराचा धूर बसला. दुसरा थर त्या धुरावर लागला. रिमला गम चिकटला, टायरला गम चिकटला. गमाला गम चिकटलाच नाही. पुढचं टायर मे महिन्यात लावलेलं होतं, म्हणून ते घट्ट.

हे सगळं मी सांगितलं. जरा जास्तच जोरात सांगितलं असेल, मला मान्य आहे. फोटोही दाखवला.

"धुरानं काय हुतंय?" भाऊ म्हणाले, पण ते टायरकडे बघत नव्हते.

"कोमलचं टायर कुठंय भाऊ? त्यावरही काळं होतं का?"

"टाकलं ते."

"म्हणजे ती वळण चुकली नव्हती."

"गप!" पाना भिंतीवर जाऊन आपटला. माझ्या अंगावर नाही मारला, हे खरं सांगायला हवं. पण भिंतीवरचा एक फोटो खाली आला. "माझ्या घरात यायचं, माझ्या चुलीचे फोटू काडायचे, आन् माझ्याच दुकानात मला आरोपी करायचं व्हय? फुकट शिकवतो तुमाला. फुकट!"

"मग बाकीची तीन चाकं कुणाला दिलीत तेवढं सांगा. एक कोमलचं होतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोन श्रीयशकडे होती. पुढचं आणि मागचं दोन्ही. मी त्याच्या सायकलकडे वळले तर तो मधे आला.

"माझ्या चाकाला हात लावलास ना, तर बघ."

"अरे, खिंडीच्या उतारावर साठनं जातोस तू! ब्रेक मारून रिम तापतं, गम मऊ पडतो..."

"मला नाही बघायचं. कळलं? परवा रेस आहे. मला नाही बघायचं."

मी अपेक्षाकडे पाहिलं. ती बुटाच्या नाडीत फार गुंतली होती. "मी विचार म्हटलं होतं," ती खाली बघूनच म्हणाली. "एवढं सगळं कर नव्हतं म्हटलं."

भाऊंनी माझी सायकल उलटी केली, दोन्ही चाकं काढली आणि उरलेला सांगाडा माझ्या हातात दिला. "ही तुझी. चाकं क्लबची."

मी शेअर जीपमध्ये चाकं नसलेली सायकल मांडीवर घेऊन बसले. समोरच्या काकू म्हणाल्या, "चोरीला गेली का गं?" मी म्हटलं, हो.

जीपमधूनच कोमलला फोन लावला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, मला थँक्यू म्हणेल. काय काय वाटलं होतं मला.

"व्हय, काळं हुतं," ती म्हणाली. "मी पन बगितलं. आन् टायर निगालेलं तू पन बगितलंस. तवा का न्हाई बोललीस?"

मी मांडीवरची सायकल उगाच नीट केली.

"आमचे आबा तीन आठवडे मला बोलत्यात, वळण घेता येत न्हाई तर जाती कशाला. आन् आता तुझी शर्यत आली तवा तुला टायर आटवलं. ठेव फोन."

तिनंच ठेवला.

घरी पोचेपर्यंत भाऊंचा फोन येऊन गेला होता. आई हात पुसत दारातच उभी. आई शाळेत शिकवते, तिला रागवायला वर्ग लागत नाही. बाबा सोफ्यावर, ऑफिसचा शर्टही बदललेला नव्हता.

"मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर असं बोलतात?" आई म्हणाली.

"तुम्ही आधी टायर बघा." उचकटलेल्या टायरचा फोटो मी दुकानातच काढला होता, तो त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तो मोठा करून बघितला. बाबा तळेगावच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत, दिवसभर पार्ट तपासतात. त्यांनी फोटो परत एकदा मोठा केला.

"भाऊ म्हणाले ते ऐक," आई म्हणाली. "रविवारी सकाळी सगळ्यांसमोर माफी मागायची. मग चाकं देणार. टायर परत नीट लावून देणार म्हणाले."

"आज शुक्रवार आहे आई. एक थर वाळायला एक दिवस लागतो. कसं लावणार?"

"मग पुढच्या वर्षी जा शर्यतीला! जीव मोठा की शर्यत? पण त्यांना दुखवून यायचं नाही. एवढी वर्षं माणूस फुकट शिकवतोय, गावात मान आहे त्यांना."

"आणि श्रीयश?"

"श्रीयशचं श्रीयशचे आईवडील बघतील."

"त्यांना माहीतच नाहीये!"

"कौमुदी, आवाज."

"बाबा, तुम्ही एखादा लॉट रिजेक्ट करता तेव्हा बनवणाऱ्याची माफी मागता का?"

"ते वेगळं," बाबा म्हणाले. मग मोबाइल माझ्या हातात देत, "तिथं मला पगार मिळतो. लोक त्यानंतरही माझ्यावर चिडतात. पण मी घरी येतो, ते त्यांच्या घरी जातात. तुला त्याच रस्त्यावर रोज सायकल चालवायचीय. क्लब दुसरा नाही इथं. तू बोललीस तर ते तुला परत घेणार नाहीत, बाकीची मुलं बोलणार नाहीत. हे धरून चाललीयेस का?"

मी हे धरून चालले नव्हते. खरंच नव्हते. जीपमध्ये मी एवढंच ठरवलं होतं की मीच बरोबर आहे, आणि त्यात एक प्रकारची मजा होती. बाबांच्या त्या वाक्यात ती सगळी गेली. एकटीनं खिंड चढायची, डबा एकटीनं खायचा, अपेक्षा बुटाची नाडी बांधत बसणार. आणि कोमल म्हणाली ते तर खरंच होतं. तीन आठवडे मला टायर आठवलं नव्हतं, कारण मला माझा नंबर पाठीवर दिसत होता.

"माफी मी मागणार आहे," मी म्हणाले.

आईनं सुस्कारा सोडला.

"कोमलची. उद्या सकाळी बेडश्याला जाऊन, तिच्या आबांसमोर. मी बघितलं होतं आणि गप्प बसले, वळण ती चुकली नाही, असं सांगणार. तिथून श्रीयशच्या घरी, त्याच्या आईला फोटो दाखवायला. त्यांनी ऐकलं नाही तर रविवारी शर्यत सुटायच्या आधी पंचांकडे जाणार आणि क्लबची चाकं तपासायला सांगणार. मी रेस करत नाहीये. भाऊ काढतायत म्हणून नाही, मीच नाव मागे घेतेय. तुम्ही दोघं नाही म्हणालात तरी मी जाणार आहे, म्हणून विचारत नाहीये, सांगतेय. बाबा, बेडश्याला सोडाल का? माझ्या सायकलला चाकं नाहीयेत."