चौपन्न पायऱ्यांचा आवाज

सतरा वेळा तीन मजले चढून झाले होते, आणि काका होते तिथेच होते.

जिना पडद्यावर होता. काकांच्या पायाखाली होती दोन हात लांबीची सिमेंटची लादी, आणि पायांत कुणा नटीने कधीतरी टाकून दिलेल्या बायकी चपला, टाचेकडून कापून मोठ्या केलेल्या. समोर सिनेमातली म्हातारी जिना चढायची आणि तिच्या पावलांचा आवाज काका जागच्या जागी उभं राहून काढायचे. सिनेमात ऐकू येणारी पावलं नटांची नसतात, हे कुणाला सांगितलं की त्याचा चेहरा गंडवल्यासारखा होतो. पण नट चालतो तेव्हा माइक त्याच्या तोंडाशी असतो. पायांना विचारतो कोण? ती पायांची बाजू काका बत्तीस वर्षं सांभाळत आले होते. नायकाचे बूट, नायिकेच्या टाचा, पोलीस, चोर, एकदा तर घोडासुद्धा. स्टुडिओत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते पायकाका.

"काका, पुन्हा तेच होतंय," काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला. "ही बाई बदला घ्यायला निघालीय. औषधं आणायला नाही."

"साठीच्या पुढची बाई आहे," काका म्हणाले. "तीन मजले आहेत. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय ती पुढची पायरी घेणार नाही. आणि मजल्यावर थांबणार. श्वास घेणार."

"तिच्या पर्समध्ये पिस्तूल आहे."

"पिस्तूल पर्समध्ये आहे. गुडघे आपापल्या जागी आहेत."

काचेपलीकडे बसलेली रेकॉर्डिस्ट हसली आणि लगेच बटणांकडे बघायला लागली. ती पंधरा वर्षं काकांबरोबर काम करत होती. एवढा हट्ट तिने त्यांच्यात पाहिला नव्हता. एरवी काका म्हणजे सांगाल तसे चालणारे. दिग्दर्शकाने भूत मागितलं तर भुताची पावलं द्यायचे आणि वर भूत जाड हवं की बारीक, तेही विचारायचे.

गोची अशी होती की पडद्यावर पाय दिसतच नव्हते. कॅमेरा अख्खा वेळ पर्सवर. त्यामुळे पावलं हळू टाका नाहीतर भराभर, चित्राशी भांडण होत नव्हतं. भांडण होतं ते दोन माणसांत, आणि दोघांनाही आपण त्या बाईला ओळखतो याची पक्की खात्री होती.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक कंपनी मोबाइलवर नाणी विकते. नाणी म्हणजे नुसते आकडे. हातात घेता येत नाहीत, खिशात खुळखुळत नाहीत, रोज सकाळी थोडी वाढलेली दिसतात तेवढीच. एक दिवस मोबाइलवरची ती खिडकी उघडतच नाही. मग बुडालेले चौघे एकत्र येतात, मालकाला शोधतात आणि त्याची हाडं मऊ करतात. ती मारहाण काकांनी गेल्याच आठवड्यात केली होती. ओल्या चामड्याची पिशवी टेबलावर ठेवून दोन्ही मुठींनी असं काही बडवलं, की पहिल्याच टेकला दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. काका घरी गेले, हात शेकले, जेवले. राग जिथल्या तिथे होता.

कारण काका स्वतः बुडालेले होते. ही गोष्ट स्टुडिओत कुणाला ठाऊक नव्हती. हा सिनेमा आला तेव्हा ते बोलले नाहीत, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. अशीच एक कंपनी, अशीच नाणी, तिसऱ्या मजल्यावर गुळगुळीत ऑफिस आणि कॉफीचं फुकट मशीन. स्वतःचं गेलं त्याचं काकांनी कसंबसं पचवलं असतं. पण त्यांनी ताईला त्यात ओढलं होतं. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. "अरे, हे वाढतं कशाच्या जोरावर?" असं तिने तीनदा विचारलं होतं. काकांनी तीनदा तिला मोबाइलवरचे आकडे दाखवले. शेवटी ती म्हणाली, "तू म्हणतोस तर ठीक," आणि निवृत्तीचे सगळे पैसे भरून मोकळी झाली.

नवीन माणूस आणला की कंपनी बक्षीस द्यायची. ताईबद्दल काकांच्या नावावर तीनशे नाणी जमली. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. कंपनी पळाल्यावर बुडालेल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी यादी टाकली, कोणाला कोणी आणलं आणि त्याचे किती मिळाले. त्याच सुमाराला ताईने बोलणं टाकलं. त्याला आता चौदा महिने झाले होते. दाराशी गेले तर दार उघडलं नाही. फोन केला तर कापला. काकूंच्या फोनवरून लावला, मुलाच्या लावला, शेजाऱ्यांच्या लावला. ताईने ते सगळे नंबर ओळखले आणि एकेक करून बंद केले. काकांकडे माफीचं भाषण मात्र तयार होतं. ती तीनशे नाणीही त्या बाकीच्यांबरोबरच बुडाली, मला एक छदामही मिळाला नाही, मला तरी कुठे कळत होतं, असं ते भाषण होतं. चौदा महिने ते घासूनपुसून लख्ख झालं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

म्हणून ही म्हातारी पडद्यावर आली तेव्हा काकांनी मनाशी ठरवलं, की निदान हिचं चालणं तरी खरं करायचं. कंपनी बंद झाली त्या सकाळी ताई त्या ऑफिसपर्यंत गेली होती, एवढं त्यांना माहीत होतं. तिचे गुडघे त्यांना माहीत होते. ती चढली कशी असेल, हे सांगायला या दिग्दर्शक पोराची गरज नव्हती.

"अठरावा टेक," रेकॉर्डिस्ट म्हणाली.

काका चढले. एक पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी. थांबा. एक पाय, मग दुसरा.

"नाही," दिग्दर्शक म्हणाला. या वेळी तो आत आला आणि काकांसमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. निर्माता त्याच्या डोक्यावर बसला होता आणि तो काकांच्या. "काका, मी तुमच्या पाया पडतो. तिचं सगळं गेलंय. असं सगळं गेलेलं माणूस थांबत थांबत चढत नाही. तुम्ही कधी पाहिलंय का असं माणूस?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडापर्यंत आलं होतं, की तू पाहिलंयस का रे. पण ते बोलले असते तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

"पाहिलंय," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं द्या. मी विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

काका तोवर बाहेर पडले होते, बायकी चपलांसकट.

बाहेरच्या बोळात, पाण्याच्या मशीनशेजारी, भिंतीवर स्टुडिओचा जुना फोन होता. आत मोबाइल नेता येत नसल्याने कधीकाळी बसवलेला. हल्ली त्याच्यावरून कॉफी मागवण्यापलीकडे काही होत नसे. तो नंबर ताईला ओळखू येणार नाही, हे काकांच्या आज प्रथमच ध्यानात आलं. आणि त्यांना काय वाटलं असेल? आनंद? छे. त्यांना वाटलं, आता या पोराला गप्प करता येईल. माणसाला हट्ट चढला की त्याला समोरचं दार उघडं दिसलं तरी तो खिडकीचीच कडी काढत बसतो.

तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"कोण?" ताई म्हणाली.

"ताई, ठेवू नकोस. कामाचं विचारतोय, दुसरं काही नाही. त्या ऑफिसच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या?"

ताईने जन्मभर गणित शिकवलं होतं, आणि आकडा विचारला की उत्तर दिल्याशिवाय तिला राहवत नसे.

"चौपन्न," ती म्हणाली. "का?"

"सिनेमातली एक बाई चढतेय. मी म्हणतो थांबत थांबत चढली असेल, दिग्दर्शक म्हणतो भराभर. तू कशी चढलीस? मजल्यावर थांबलीस ना?"

"नाही."

"गुडघे दुखले असतील की."

"ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा मी पळत चढले."

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिला कान चुकीचं ऐकत होता. "पळत? का?"

"तू सकाळी फोनवर म्हणालास, मी निघालोय, तू ये मागून. खाली पोचले तर दाराशी ही गर्दी. कुणी म्हणालं, वर मारामारी चाललीय, एका माणसाला धरलंय. मला वाटलं तूच. तू पुढे गेला असशील, भांडला असशील त्यांच्याशी. एकटा." ताईचा आवाज अगदी सरळ होता, उदाहरण सोडवून दाखवावं तसा. "म्हणून पळाले. वर कुलूप होतं. आणि धरलेला माणूस म्हणजे त्यांचा सफाईवाला, बिचारा रडत होता. तू कुठेच नव्हतास. तुझा फोन बंद. मग पायऱ्या उतरताना मोजल्या."

बोळात कुणीतरी पाणी भरत होतं.

"यादी तर मी नंतर पाहिली," ताई म्हणाली. "तीनशे नाण्यांचं मला काय. तू लहानपणीसुद्धा गोळ्यांसाठी आईकडे माझ्या चहाड्या करायचास." ती थांबली. ही थांबण्याची जागा होती, आणि तिने ती त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. "आणखी काही विचारायचंय?"

चौदा महिन्यांचं भाषण काकांच्या तोंडात होतं आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. सगळं नाण्यांबद्दल होतं. त्या सकाळचं त्यात काहीच नव्हतं. ती सकाळ त्यांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "एवढंच."

"बरं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

काका आत आले. दिग्दर्शक काहीतरी म्हणाला, ते त्यांनी ऐकलं नाही. लादीवर उभे राहिले आणि त्यांनी रेकॉर्डिस्टला खूण केली. पडद्यावर पर्स हलायला लागली. काका धावले. जागच्या जागी, दोन दोन पायऱ्या एका दमात, चप्पल निसटतेय की काय अशी, मध्येच ठेचकाळून, सावरून, पुन्हा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दोन हातांच्या लादीवर असा धावत होता की रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन दाबून धरले. वर पोचल्यावर ते थांबले आणि त्यांचा श्वासही माइकमध्ये गेला.

"हेच," दिग्दर्शक म्हणाला. त्याला खुर्चीत बसवेना. "हेच मी सकाळपासून सांगत होतो. बघा, राग कसा ऐकू येतोय."

काकांना त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. राग नव्हता तो. पण हे पोराला काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? पोराचं बरोबर होतं. पावलं तेवढी बरोबर होती, बाकी सगळं त्याचं चुकलं होतं. आणि काकांचं तर तेवढंही बरोबर नव्हतं. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढणारी ताई त्यांनी स्वतःच्या सोयीने बनवली होती. तशी ताई दमलेली असते, बिचारी असते, आणि तिला कुणी वर बोलावलेलं नसतं. काकांना स्वतःची इतकी चीड आली की चपला पायांतून काढताना एकीचा पट्टा तुटला.

ते अनवाणीच बोळात गेले आणि पुन्हा फोन लावला. पहिल्याच घंटेला कापला गेला. पुन्हा लावला. आता लागतच नव्हता. हा नंबरही ताईला कळला होता, आणि तो त्यांनी पायऱ्या विचारण्यात घालवला होता. काकांनी रिसीव्हर इतक्या जोरात ठेवला की पाणी भरणारा माणूस ग्लास तसाच टाकून निघून गेला.

"काका." रेकॉर्डिस्ट मागे उभी होती. तिने काय ऐकलं होतं देव जाणे. आवाज टिपणं हेच जिचं काम, तिने ऐकलं नसतं तरच नवल. तिने आपला मोबाइल पुढे केला. "माझ्यावरून लावा."

काकांनी तो घेतला. त्यांनी नंबर लावला.

"कोण?" ताई म्हणाली.

"मी निघालोच नव्हतो, ताई," काका म्हणाले. "घरी होतो. सकाळी तुझ्याशी बोललो, बूटसुद्धा घातले, आणि मग पलंगावर बसून राहिलो. तिथे लोक मला ओळखतील, मी आणलेली माणसं असतील, याची भीती वाटली. फोन मीच बंद केला. तू एकटी जाशील हे मला माहीत होतं."

रेकॉर्डिस्ट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आतून दिग्दर्शकाची हाक आली, पुढच्या सीनसाठी.

पलीकडे ताई होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"हे पायऱ्यांच्या आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.