कुरुंद्याला गेलेली सीडी

मी कॉम्प्युटर बोलतोय. वसमतच्या मिलाप प्रिंटिंग प्रेसचा. माझी कंपनी कोणती, ते मात्र विचारू नका. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, मॉनिटर तिसऱ्याचा. नांदेडच्या एका दुकानात एका दुपारी मला जोडलं, बटण दाबलं, मी घरघरलो, आणि दुकानदार म्हणाला, "घ्या, झाला तयार." एवढाच माझा जन्म. साल १९९८.

प्रेसचे मालक चाँद पाशा मला एसटीनं घेऊन आले. मॉनिटर त्यांनी लेकरासारखा मांडीवर धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही हाय का?" पाशाभाई म्हणाले, "नाही, कॉम्प्युटर." कंडक्टर लगेच उठला आणि आपली जागा मोकळी करून दिली. त्या क्षणी माझ्या डोक्यात जी हवा शिरली, ती पुढची सात वर्षं निघाली नाही.

निघणार तरी कशी? पाशाभाईंच्या बेगम अमीरबी यांनी माझ्यासाठी लेस लावलेलं कव्हर शिवलं. गिऱ्हाइकं चपला बाहेर काढून यायची. एकदा हळद विकायला आलेले एक आजोबा पत्रिका छापायला टाकून गेले आणि जाताना मला हात जोडून म्हणाले, "हळदीचा भाव काय निघंल, ते बी सांगत असंल का हे?" मी गंभीर चेहरा करून बसलो. माझ्यात तेव्हा चार मराठी फॉन्ट आणि पत्त्यांचा एक डाव, एवढंच होतं.

मला चालवायची पाशाभाईंची मुलगी अलमास. ती बी.ए. झालेली होती, नांदेडला तीन महिने शिकून आली होती. आणि मला अजिबात न मानणारा एकच माणूस त्या प्रेसमध्ये होता, तो म्हणजे शेषराव.

शेषराव जवळच्या हट्टा गावचे. रोज सकाळच्या गाडीनं यायचे. चोवीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून त्यांनी अक्षरं लावली होती. उलटी ओळ ते सुलटीपेक्षा भरभर वाचायचे. मी आल्यावर त्यांचं काम उरलं ते प्रूफ तपासायचं. ते मला नावानं कधी बोलावत नसत. 'पेटी' म्हणत.

"पेटी काय करून राहिली आज?" आल्या आल्या विचारायचे.

मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर माझी अर्धी इज्जत त्यांच्या लाल पेनानं वाचवली. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला आणि सगळ्या शाळा, सोसायट्या, दुकानदार नवीन लेटरहेड छापायला धावले. 'परभणी' काढून 'हिंगोली' घालायचं. अलमासनं हुकूम दिला आणि मी एका झटक्यात सगळीकडे बदल करून टाकला. शेजारीच एक लग्नपत्रिका उघडी होती. लग्न परभणीला होतं. मी तेही हिंगोलीला नेलं. शेषरावांनी प्रूफ पाहिलं नसतं, तर नवरदेव परभणीत आणि वऱ्हाड हिंगोलीत हार घेऊन उभं राहिलं असतं.

दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली. एका धम्मपरिषदेचं पत्रक होतं. माझ्या फॉन्टमध्ये 'द्ध' हे अक्षर नव्हतं, 'ध्द' होतं. त्यामुळे 'बुद्ध'चं 'बुध्द' झालं. शेषरावांनी चष्मा काढला.

"अलमास, बेटा, ह्या पेटीला बुद्ध लिहिता येत न्हाई. असं पत्रक माझ्या हातून जाणार न्हाई."

"चाचा, सगळीकडं असंच छापतात आता."

"छापू द्या. आपून काहून छापायचं?"

तीन दिवस पत्रक अडलं. शेवटी पाशाभाईंनी नांदेडच्या एका जाणकाराकडून तेवढं एक अक्षर घडवून आणलं आणि माझ्यात बसवलं. मला वाटलं, काय हा म्हाताऱ्याचा हट्ट! एका अक्षरासाठी एवढी तकलीफ!

आता मूळ गोष्टीकडे येतो, जी सांगताना माझा पंखा आजही जोरात फिरतो.

तालुक्यातल्या शाळांच्या सहामाही परीक्षेचे पेपर आमच्याकडे छापले जायचे. खिळ्यांच्या काळात ह्या कामाची शिस्त कडक होती. दार आतून बंद. प्रूफ चुलीत. छपाई संपली की शेषराव चौकट सोडायचे आणि एकेक अक्षर त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. अर्ध्या तासात प्रश्नपत्रिका जगात उरायचीच नाही.

माझ्यात मात्र सगळं उरायचं. कारण मी विसरत नाही ना! हाच तर माझा मोठेपणा. पाशाभाईंना कामं पटकन सापडावीत म्हणून सगळं एकाच जागी ठेवलं होतं. पत्रिका, पत्रकं, दुकानांच्या पाट्या, दहावीचे पेपर, सगळं 'नवीन फोल्डर'मध्ये. माझा पासवर्ड होता 'मिलाप'. तो विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला मी तो कपाळावर घेऊन दाखवत बसायचो.

२००५ सालचा ऑक्टोबर. माझ्यात नवीन सीडी रायटर बसवला होता. कुरुंद्याच्या हरिचंद यांना त्यांच्या दुकानाच्या पाटीचं डिझाइन हवं होतं. अलमास जेवायला गेली होती. पाशाभाई म्हणाले, "मीच देतो करून, किती वेळ लागतो." त्यांना डिझाइन काही सापडेना. तेव्हा त्यांनी अख्खं 'नवीन फोल्डर' उचललं आणि सीडीवर टाकलं. मी विचारलं होतं, खात्री आहे का म्हणून. पण ते इंग्रजीत विचारलं. त्यांनी नेहमीसारखं न वाचता एंटर दाबलं. आणि मीही आज्ञाधारकपणे फिरू लागलो. सीडी छान 'बर्न' झाली. मला तर अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी सकाळी रामसिंग सर प्रेसमध्ये आले. ते मुख्याध्यापक, आणि शाळांच्या परीक्षा समितीचे अध्यक्ष. त्यांनी टेबलावर एक झेरॉक्स ठेवली.

"पाशाभाई, दहावी विज्ञान. परवा पेपर आहे, आणि हा आज पोरांच्या हातात फिरून राहिला."

पाशाभाई खुर्चीत बसले.

"प्रेसमधूनच गेलाय," सर म्हणाले. "आमच्याकडची पाकिटं सीलबंद आहेत. तुमच्याकडं प्रूफ कोण बघतं?"

सगळ्यांच्या नजरा शेषरावांकडे गेल्या. शेषरावांची नात आकांक्षा त्याच वर्षी दहावीला होती, हट्ट्याच्या शाळेत. हे सरांनाही माहीत होतं. पाशाभाई काही म्हणाले नसते तर बरं झालं असतं. पण घाबरलेला माणूस बोलतो.

"शेषराव... चुकून एखादं प्रूफ घरी तर नाही ना गेलं?"

शेषरावांनी लाल पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं. प्रेसची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, ती बाजूला ठेवली.

"एकतीस वर्षं झाली, पाशाभाई," एवढंच म्हणाले, आणि बसस्टँडकडे चालू लागले.

मला सगळं माहीत होतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या सीडीवर. सगळं माझ्या पोटात तारीखवार नोंदलेलं होतं. आणि मी काय करत होतो? पडद्यावर स्क्रीनसेव्हरच्या रंगीत नळ्या फिरवत होतो. कुणी पाच मिनिटं हात लावला नाही की मला तेवढंच सुचायचं.

अलमास ती झेरॉक्स घेऊन माझ्यासमोर बसली. तिनं ती दोनदा वाचली. मग एका जागी बोट ठेवलं.

"अब्बा, हे बघा. 'सिद्धांत स्पष्ट करा.' इथं 'द्ध'च्या जागी चौकोन आलाय. 'शुद्ध पाणी', इथंही चौकोन."

"मग?"

"चाचांच्या प्रूफमध्ये 'द्ध' बराबर होता. छापलेल्यातही बराबर आहे. फॉन्ट सगळ्यांकडं तोच आहे, पण ते अक्षर फक्त आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. हा कागद दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून काढलाय. म्हणजे इथून कागद गेलाच नाही, फाइल गेली. चाचांनी तर आजपर्यंत माउसला हातही लावला नाही."

मग तिनं मला विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलं. मी तारीख दाखवली, वेळ दाखवली.

पाशाभाईंनी कपाळाला हात लावला. "कुरुंदा," ते म्हणाले. "माझ्याच हातानं."

दोघं बाप-लेक कुरुंद्याला गेले. हरिचंद यांचं झेरॉक्स आणि कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. अलमासनं नंतर सांगितलं, ते बिचारे भोळेपणानं म्हणाले, "पाशाभाई, तुमच्या सीडीत माझी पाटी सापडंना, नुसते पेपरच पेपर! जुने असतील म्हणून म्या टेबलावरच ठेवली. पोरं येतात, बघतात."

तिथून पाशाभाई आधी रामसिंग सरांकडे गेले. "चूक माझी आहे," म्हणाले. "शेषरावांचं नाव कुठं घेऊ नका." सर म्हणाले, "उद्या सकाळी मी नवीन पेपर काढून देतो. परवाच्या आत छापून द्या. पण त्या कॉम्प्युटरवर नको."

आणि मग पाशाभाई हट्ट्याला गेले. काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शेषराव आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोपऱ्यातलं जुनं छपाईचं यंत्र पुसलं, खिळ्यांचे खण ओढले. अलमास हलक्या आवाजात प्रश्न वाचत होती आणि त्यांची बोटं खणांवरून फिरत होती. दुपारपर्यंत पेपर उभा राहिला. मी त्या लेसच्या कव्हराखाली बसून टक् टक् ऐकत होतो. कंडक्टरनं ज्याच्यासाठी जागा सोडली, तो मीच का, असं वाटत होतं.

परीक्षा झाली. पण समितीनं सांगितलं, पुढचं काम द्यायचं की नाही ते नंतर बघू. तेव्हा अलमासनं प्रेसमधल्या सगळ्यांना बसवलं. पेपरांसाठी मला वेगळं काढायचं, बाकी कामाला दुसरा कॉम्प्युटर. माझ्यात बाहेरची सीडी घालायची नाही, इंटरनेटची तार जोडायची नाही. छपाई झाली की फाइल पुसायची. आणि पासवर्ड दोन माणसांचा, अर्धा तिचा, अर्धा शेषरावांचा. दोघं असल्याशिवाय मी उघडायचा नाही.

"मला काहून अडकवता ह्यात?" शेषराव म्हणाले.

"तुमच्यावरच तर भरोसा आहे, चाचा."

शेषराव एका बोटानं टाइप करायचे. अलमासला तोंड फिरवायला लावायचे, पाशाभाईंना बाहेर पाठवायचे. चुकले की मी टूं करायचो. ते मला दटावायचे, "थांब जरा." रामसिंग सरांनी येऊन हा सगळा कारभार एकदा डोळ्यांनी पाहिला, आणि पुढच्या वर्षी काम परत आलं. त्यानंतर पेपर कधी फुटला नाही. आता त्याचं श्रेय मी घेणार होतो, पण राहू द्या.

हे २००९ साल आहे. माझा पंखा अडकतो, एका कामाला मला दहा मिनिटं लागतात. नवा आलाय, त्याला मांडीवर घ्यावं लागत नाही, पातळ आहे. मला भंगारात द्यायचं ठरलंय. शेषराव आता कामावर येत नाहीत, डोळे थकलेत. पण आज ते मुद्दाम हट्ट्याहून आले. त्यांच्या अर्ध्याशिवाय मी उघडत नव्हतो. तीनदा चुकले. मला मनातून दार उघडून द्यायचं होतं, पण नियम म्हणजे नियम. चौथ्यांदा जमलं.

अलमासनं हवं ते काढून घेतलं. आता ती स्क्रूड्रायव्हर घेऊन माझी हार्डडिस्क काढते आहे. भंगारवाल्याला रिकामी पेटी जाईल, आतलं सगळं इथेच फोडलं जाईल. तुम्हीही जुना कॉम्प्युटर विकाल तेव्हा एवढं करा. आम्ही बोलत नाही खरं, पण विचारणाऱ्याला सगळं सांगतो. विचारणारा कोण आहे, हे आम्हाला कळत नाही.

दोन स्क्रू निघाले. शेषराव शेजारी स्टुलावर बसून पाहत आहेत.

"दुखत असंल का गं त्याला?" त्यांनी विचारलं.

'पेटी' नाही म्हणाले. 'त्याला' म्हणाले.

नाही हो, शेषराव. जरा हलकं वाटतंय, एवढंच.