ठोकून बाहेर

मी एक जुना चषक आहे, मित्रांनो. माझ्याकडे पाहून तुमचा विश्वास बसणार नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो.

माझं पूर्ण नाव 'अखिल मुल्की नॉकआउट फुटबॉल चषक'. मुल्क म्हणजे निजामाचं अख्खं राज्य. प्रत्यक्षात जिंतूर, सोनपेठ, ताडकळस आणि परभणी एवढेच चार संघ यायचे.

माझा जन्म १९३७ सालचा. परभणीच्या क्लबाचे सेक्रेटरी दिनकरराव यांना हैदराबादहून फुटबॉलचं इंग्रजी पुस्तक आलं. ते तीन महिने इंग्रजी शिकलेले होते. त्यांनी अर्थ लावला : नॉक म्हणजे ठोकणे, आउट म्हणजे बाहेर. लगेच चारही गावांत दवंडी दिली : "जो समोरच्याला ठोकून बाहेर काढील, तो पुढच्या फेरीत! शेवटी जो उभा, त्याचा कप!"

पहिल्या वर्षी मैदानात चेंडू होता. दुसऱ्या वर्षी तो आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

चषकासाठी चांदी हवी होती. ताडकळसच्या आश्रुबाने भरसभेत आपल्या बायकोचे, कडूबाईचे तोडे देऊन टाकले. आश्रुबा मेंढरं राखायचा आणि ताडकळसकडून खेळायचा. घरी गेल्यावर कडूबाई एवढंच म्हणाली, "माझ्या मायचे तोडे व्हते ते. कप जिकून आण. तवर घरात पाय ठिवू नकू. मेंढरात झोप."

आश्रुबा मेंढरात झोपू लागला. त्याला वाटलं, एका वर्षाचाच प्रश्न आहे.

माझी उमेदीची वर्षं फार गजबजलेली गेली. सामना संपला की मैदानावरचे दात वेचून माझ्यात ठेवत. ज्याचे त्याने ओळखून न्यावेत, अशी पद्धत होती. सोनपेठच्या बन्सीधरचा उजवा डोळा गेला. तो म्हणायचा, आता निम्मेच शत्रू दिसतात, तब्येतीला बरं. परभणीच्या भुजंगचे दोन दात मात्र न्यायला कुणी आलंच नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला होता. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या भावाने पहिला जबडा फोडला.

लोक माझी स्तुती करत. मला चिंचेने घासत. पण मी दरसाल जिंतूरलाच जायचो, कारण जिंतूरकडे दत्तराव होता. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद होती. आश्रुबाचं एका वर्षी खांद्याचं हाड मोडलं, एका वर्षी बरगड्या, एका वर्षी दोन्ही. अकरा वर्षं तो मेंढरात झोपला. मेंढरं त्याला आपल्यातलाच समजू लागली.

१९४८चा अंतिम सामना. कडूबाई पहिल्यांदाच पाहायला आली. तासाभरात वीस गडी आडवे झाले. उरले आश्रुबा आणि दत्तराव. दत्तरावने त्याला उचलून आपटलं, छातीवर बसला, तोंडावर दोन बुक्क्या मारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काय मामा, औंदाबी मेंढरातच का?"

लोक हसले. आश्रुबाने तोंडातलं रक्त थुंकलं.

कडूबाई सावकाश टेबलाशी आली आणि तिने मला कानाला धरून उचललं.

"बाई," दिनकरराव ओरडले, "तो जिंकणाऱ्याला द्यायचाय!"

"द्यायले की," ती म्हणाली, आणि मला दत्तरावच्या टाळूवर दिलं.

मी भरीव चांदीचा होतो. दत्तराव आश्रुबावरच आडवा झाला.

मैदानात उभे आता दोघंच : कडूबाई आणि दिनकरराव. तिने त्यांच्याकडे पाहिलं. दिनकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते स्वतःहून आडवे झाले.

अशा रीतीने मी ताडकळसला आलो. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामच नॉकआउट झाला. नवा साहेब आला. त्याने दिनकररावांना समजावलं, नॉकआउट म्हणजे हरलेला संघ स्पर्धेतून बाद, एवढंच. दिनकररावांनी खिशातला चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हंजे तो चेंडू खेळायसाठी होता तर."

मुल्क राहिला नाही, तेव्हा कडूबाईने मला सोनाराकडे नेलं. म्हणून तुमचा विश्वास बसणार नाही म्हटलं, मित्रांनो. मी आता पुन्हा तोडे आहे. आश्रुबा घरात झोपतो, पण अजून मेंढरासारखा दाराशीच.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली वस्तू उदार मनाने देताना, ती जिची आहे तिला आधी विचारा. भुजंगचे दात अजून क्लबाच्या कपाटात आहेत. तेवढे कुणीतरी त्याच्या घरी पोचवा.

बाकी माझं बरं चाललं आहे. फक्त कडूबाई चालू लागली की माझे दोन्ही तोडे एकमेकांवर आपटतात. इतक्या वर्षांची सवय.