दोन रांगा

ताजिकिस्तानातल्या खुजंदहून निघताना दिलोवरनं ताजिक पासपोर्ट दाखवला होता. उरलकडच्या शहरात विमान उतरलं, तसा तो आत सारून त्यानं रशियन पासपोर्ट काढला. वर्षानुवर्षं तो असाच ये-जा करायचा आणि दोन्ही देशांना ते चालायचं. वेल्डिंगच्या कामासाठी दरवर्षी परवान्यामागं धावायला नको, म्हणून त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. त्याच्यासोबत ये-जा करणारी बायको सदबर्ग मात्र नुसती ताजिकच राहिली होती.

या खेपेला थोरल्या भावानं त्याला बजावलं होतं, की नव्या नागरिकांना पकडून लढाईवर धाडताहेत, रशियन पासपोर्ट घरीच ठेव. दिलोवरनं हसण्यावारी नेलं. म्हणाला, माझा गुडघा गेलाय, मला नेऊन काय करतील?

विमानतळावर दोघांच्या रांगा वेगळ्या. परदेशी लोकांची रांग लांबलचक, नागरिकांची आखूड. "या सावकाश, पाहुणीबाई," तो नेहमीसारखा चिडवत म्हणाला.

"जा, मालक. सामान तेवढं उतरवून ठेवा," ती म्हणाली.

रांगेतून तिची नजर त्याच्यावरच होती. गोऱ्या, निळ्या डोळ्यांची माणसं झटपट पुढं सरकत होती. दिलोवरच्या पुढच्या ताजिक तरुणाला मात्र खिडकीपाशीच थांबवलं. दोन शिपाई आले आणि त्याला बाजूच्या दारातून आत घेऊन गेले. दिलोवरनं मागं वळून पाहिलं. सदबर्गनं मानेनं खुणावलं, माघारी फिरा. पण फिरायला जागाच नव्हती, आणि त्याचा पासपोर्ट खिडकीत गेला होता. मग त्यालाही त्याच दारातून नेलं.

पाळी आल्यावर तिचा शिक्का लगेच बसला. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. ती सामानाकडं न जाता थेट त्या दाराशी गेली. आतल्या बाकावर सगळे आपलेच लोक खाली माना घालून बसले होते. तिनं अधिकाऱ्याला सांगितलं, की त्यांच्याकडं ताजिक पासपोर्टही आहे, ते आमच्या देशाचे आहेत, हवं तर परत पाठवा.

अधिकारी शांतपणे म्हणाला, "तो पासपोर्ट इथं चालत नाही. इथं हा माणूस आमचा आहे."

"माझा नवरा आहे तो."

"असेल. पण तुम्ही परदेशी. तुमचं काम झालंय, निघा आता."

दिलोवर बाकावरूनच ताजिकमध्ये म्हणाला, "घरी जा गं. इथं थांबू नकोस." त्याच्या आवाजात चिडवणं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या देशाच्या तिथल्या वाणिज्य दूतावासात गेली. तिथल्या माणसानं तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि नजर चुकवत म्हणाला, की तुमचे यजमान रशियाचे नागरिक म्हणून आत आले, आम्ही कुठल्या तोंडानं मागणार?

दिलोवरचा फोन एकदाच आला, कुठल्याशा छावणीतून. सैन्यात भरतीच्या कागदावर सही घेतली, म्हणाला. गुडघा कुणी तपासलाच नाही. मागं कुणीतरी नावं पुकारत होतं. त्याचं नाव आलं आणि फोन बंद झाला.

सदबर्ग खुजंदला एकटीच परतली. त्या नंबरवर ती अजूनही फोन लावते. पलीकडं तो वाजतो. उचलत कुणी नाही.